सही तिची एकटीची
वाचकांचे प्रश्न : मूल हवं-नको, गर्भपात आणि घरातलं म्हणणं

या अंकासाठी सहा पत्रं निवडली आहेत. नावं आणि गावं काढली आहेत, मजकूर थोडक्यात दिला आहे. उत्तरं स्त्रीरोगतज्ज्ञ, समुपदेशक आणि वकील अशा तिघींनी मिळून लिहिली आहेत. बहुतेक पत्रांत नवऱ्याचं म्हणणं, सासूचं म्हणणं, डॉक्टरांचं म्हणणं सविस्तर लिहिलेलं असतं. पत्र लिहिणारीला स्वतःला काय हवंय, ते मात्र एखाद्या ओळीत, तेही शेवटी येतं. आम्ही उत्तराची सुरुवात त्या ओळीपासून केली आहे.

प्रश्न : दोन मुलं आहेत, धाकटा चौदा महिन्यांचा. पाळी चुकून पंधरा दिवस झाले, पट्टीवर दोन रेघा आल्या. नवरा आखाती देशात कामाला आहे, फोनवर ‘राहू दे’ म्हणतो. खासगी दवाखान्यात सांगितलं, नवऱ्याची सही आणा मगच बघू. मला हे मूल नको आहे.

उत्तर : नवऱ्याची सही लागत नाही. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात संमती फक्त गर्भवतीची मागितली आहे. त्यासाठी ‘फॉर्म सी’ नावाचा एक कागद असतो, त्यावर तुमची सही पुरते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल किंवा गंभीर मानसिक आजार असेल, तरच पालकांची सही घ्यावी लागते. कायद्यात नाही अशी अट डॉक्टरांनी घालू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात स्पष्ट केलं आहे. नवऱ्याची संमती मागणं ही अशीच एक अट.

मग दवाखाने मागतात कशाला? नवरा उद्या येऊन भांडेल, या भीतीने. ही भीती अगदीच हवेतली नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. घटस्फोटाच्या दाव्यात, वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न सांगता केलेला गर्भपात ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये समर घोष खटल्यात म्हटलं होतं. पण त्यामुळे गर्भपात बेकायदा होत नाही. बायकोने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून भरपाई मागणाऱ्या एका नवऱ्याचा दावा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११मध्ये फेटाळला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही २०१७मध्ये त्याच्या हाती काही लागलं नाही.

आता दिवस मोजा. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. तुमची पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर २८ अधिक १५, म्हणजे आज ४३ दिवस झाले. सहा आठवडे आणि एक दिवस. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत करता येतो. तुमच्या हातात वीस दिवस आहेत. त्यानंतरही बारा आठवड्यांपर्यंत नळीने ओढून पिशवी रिकामी करता येते. त्याला काही मिनिटं लागतात आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. कुठे खरवडून पिशवी साफ करायची म्हणाले, तर ‘नळीने ओढून करता का?’ असं विचारा. खरवडण्याची पद्धत जुनी आहे, इजा जास्त करते. सह्यांच्या फेऱ्यांत पहिले वीस दिवस गेले की सोपा पर्याय हातातून जातो.

जवळचं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं, ते शोधा. सोबत आधार कार्ड, जुनी सोनोग्राफी असल्यास ती, आणि शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून न्या. कारण विचारतील. गर्भनिरोधक निकामी झालं असेल तर ते सांगा. नसेल तर खरं तेच सांगा : चौदा महिन्यांचं लेकरू, एकटीने सांभाळ, मनावरचा ताण. स्त्रीच्या आरोग्याला धोका आहे का हे ठरवताना तिची घरची परिस्थिती धरावी, असं कायदाच म्हणतो. ‘आधी तांबी बसवून घ्या, मगच गर्भपात’ अशी अट कोणी घातली तर ती मान्य करू नका. तांबी बसवायची की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही तुम्हीच द्यायचं.

तुमचं नाव ज्या रजिस्टरमध्ये लिहितात ते गोपनीय असतं. बाकीच्या कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक घालायचा असतो. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण बातमी बहुधा रजिस्टरमधून फुटत नाही, फोनमधून फुटते. केस पेपरवर घरातला सामाईक नंबर दिला की फेरतपासणीचा निरोप सासूच्या हातात जातो. स्वतःचा नंबर द्या, नसेल तर विश्वासाच्या बहिणीचा.

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. दिवस गेले आहेत आणि मला हे मूल हवं आहे. नवरा म्हणतो, घराचे हप्ते संपेपर्यंत नको. मेडिकलमधून पाच गोळ्यांचं पाकीट आणून कपाटात ठेवलंय, रोज विचारतो, ‘कधी घेणार?’

उत्तर : घेऊ नका. नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात करता येतो, तसाच बायकोच्या मर्जीशिवाय तो करता येत नाही. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९खाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. दुधातून, जेवणातून गोळी देणं यात येतंच. गर्भपातासाठी धाक घालणं, पैसे बंद करणं हा २००५च्या कायद्याखाली कौटुंबिक हिंसाचार ठरू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. पाकीट तुमच्या ताब्यात घ्या आणि घराबाहेर काढा.

त्या पाकिटात काय असतं ते सगळ्याच वाचकांनी समजून घ्यावं. एक गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅम. ती गर्भाचा आधार तोडते. उरलेल्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. त्या २४ ते ४८ तासांनी एकत्र घ्यायच्या असतात. त्यांनी पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळेत घेतल्या तर हा खरोखर सुरक्षित उपाय आहे. मेडिकलमधून परस्पर आणल्या की तीन ठिकाणी घात होतो. पहिला, गर्भ पिशवीत नसून बीजवाहक नळीत असला तर गोळ्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव होतो, बाईला वाटतं काम झालं, आणि आत नळी फुटते. दुसरा, आठवडे चुकीचे मोजलेले असतात. तिसरा, रक्त कमी असतं. हिमोग्लोबिन आठच्या खाली असताना या गोळ्या घरी घेणं जिवावर बेतू शकतं. आत तांबी असेल तर ती आधी काढावी लागते. शंभरात दोन ते पाच जणींना गोळ्यांनंतरही पिशवी रिकामी करून घ्यावी लागते, म्हणून पंधराव्या दिवशीची तपासणी चुकवायची नसते.

ज्यांनी स्वतःच्या इच्छेने गोळ्या घेतल्या आहेत त्यांच्यासाठी : चार गोळ्यांनंतर काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो, पाळीपेक्षा जास्त, गुठळ्यांसह. पुढे आठ-दहा दिवस थोडं थोडं जात राहतं. सलग दोन तास दर तासाला दोन मोठी पॅड भिजली, चार गोळ्यांना चोवीस तास उलटूनही १००.४च्या वर ताप असला, खांदा दुखून चक्कर आली किंवा घाण वास येऊ लागला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि चोवीस तासांत काहीच गेलं नाही, तरीही जा.

धाकाने पहिली गोळी घेतली आणि मन मागे फिरलं, तर चार गोळ्या घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. गर्भ टिकू शकतो, पण लक्ष ठेवावं लागतं. चार घेतल्यानंतर गर्भ टिकलाच तर व्यंगाचा धोका असतो, ते डॉक्टरांपासून लपवू नका.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं ‘आत्ता नको’ आहे की ‘कधीच नको’, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. तुम्हाला तरी कळलंय का? हप्त्यांचा हिशोब कागदावर मांडता येतो : सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, पहिल्या वर्षाचा खर्च, तुमची पगारी रजा. धाक हिशोबाने मिटत नाही. मारहाण किंवा धमकी होत असेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाऊ नका. तिथे तुम्ही जे बोलाल त्याचा वचपा घरी निघतो. आधी एकट्या जा.

प्रश्न : अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष दिसला. डॉक्टर नवऱ्याशी आणि सासऱ्यांशी बोलले, मला बाहेर बसवलं. आता एकोणीस आठवडे झाले. घरचे म्हणतात, ताबडतोब मोकळी हो. मला अजून कळलंच नाही की बाळाला झालंय काय.

उत्तर : तुमच्या पोटातल्या बाळाची माहिती तुम्हाला बाहेर बसवून दिली गेली, हे चूक झालं. आधी ती चूक दुरुस्त करा. रिपोर्ट स्वतःच्या हातात घ्या आणि डॉक्टरांची दुसरी वेळ मागा. आत जाताना सांगा, ‘आधी माझ्याशी एकटीशी बोला, मग घरच्यांना बोलवा.’

कण्याचा दोष म्हणजे एकच आजार नाही. हे प्रश्न लिहून न्या. दोष उघडा आहे की त्वचेने झाकलेला? कोणत्या मणक्यापाशी आहे? अगदी खाली, माकडहाडाजवळच्या भागात असेल तर बरीच मुलं चालतात. छातीच्या मणक्यांत असेल तर बहुतेकांना चाकाची खुर्ची लागते. डोक्यात पाणी साठलंय का? साठत राहिलं तर जन्मानंतर मेंदूतून पोटात नळी टाकावी लागते, आणि ती पुढे बदलावीही लागू शकते. लघवी आणि शौचावर ताबा राहील का? दिवसातून चार-पाच वेळा नळीने लघवी काढायला पालकांना शिकावं लागू शकतं. सोबत दुसरा दोष किंवा गुणसूत्रांचा आजार दिसतोय का? या प्रश्नांची उत्तरं गर्भवैद्यकाचे तज्ज्ञ देतील. जन्मानंतरचं सांगायला बालशल्यचिकित्सक लागतात, कारण ती मुलं पुढे त्यांच्याकडेच येतात. दोघांनाही भेटा.

वेळ किती आहे? वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत, बाळात गंभीर व्यंगाचा मोठा धोका असेल तर दोन डॉक्टरांचं मत लागतं. २०२१च्या दुरुस्तीनंतरचा हा नियम आहे. चोवीसच्या आत असताना कोर्टात जायला सांगितलं तर ते चुकीचं आहे. चोवीसनंतर सरकारी वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं, आणि होकार असेल तर अर्जापासून पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. म्हणजे आज तुमच्याकडे जवळपास पाच आठवडे आहेत. त्यातले दोन-तीन गर्भजलाच्या सविस्तर तपासणीत जातात, तेव्हा ती करायची तर याच आठवड्यात. ‘ताबडतोब’ म्हणण्यासारखं काही नाही. पण महिनाभर नुसतं थांबून चालेल, असंही नाही.

बाळ ठेवायचं ठरवलं तर : बाळंतपण बालशल्यचिकित्सा असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवा, उघडा दोष जन्मानंतर दोन-तीन दिवसांत शिवावा लागतो. न ठेवायचं ठरवलं तर पुढचं आधीच माहीत असू द्या, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. इतक्या आठवड्यांचा गर्भपात म्हणजे कळा येऊन होणारं बाळंतपणच असतं. एक गोळी देऊन एक-दोन दिवसांनी भरती करतात, मग ठरावीक तासांनी गोळ्या. वेदनाशामक मागून घ्या. बाळाला बघायचं, हातात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा; बऱ्याच ठिकाणी नर्स न विचारताच घेऊन जाते, म्हणून आधी सांगून ठेवा. कारण शोधायला गुणसूत्रांची तपासणी करायची असेल तर नमुना सलाइनमध्ये ठेवायला सांगा. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्या तपासणीला तो वाया गेला. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन घ्या, ते पुढच्या बाळाला जपतं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होऊन दूध येतं. बाळ नसताना ब्लाउज भिजतो, त्या क्षणी पुष्कळ बायका कोसळतात. दूध थांबवायची गोळी असते, घरी जाण्याआधी विचारून घ्या. दूध पिळून काढू नका, थंड पट्ट्या ठेवा, घट्ट आधार द्या. नोकरी असेल तर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे.

दोन्ही वाटांनी गेलात तरी पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी किमान एक महिना रोज ५ मिलिग्रॅमची फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमने तुमचं भागणार नाही.

प्रश्न : दोन मुली आहेत. आता तिसरी वेळ. सासूबाई म्हणतात, ‘एकदा बघून घेऊ.’ मुलगी निघाली तर काय करायचं, ते त्यांनी ठरवलेलं आहे. मला तपासणीच नको.

उत्तर : तपासणी नको हे तुमचं म्हणणं कायद्याच्या बाजूचं आहे. लिंगनिदान १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. विचारणाऱ्यालाही आणि सांगणाऱ्यालाही कैद आहे. बाईवर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी दबाव आणला असंच कायदा गृहीत धरतो, त्यामुळे तुम्हीच अडकाल ही भीती सोडा. एखाद्या डॉक्टरकडे ‘बघायला’ नेत आहेत असं कळलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका असेल तर तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे कळवता येतं.

यात एक गल्लत फार होते, म्हणून सांगतो. लिंगनिदानाला बंदी आहे, गर्भपाताला नाही. कारवाईच्या धाकाने महाराष्ट्रात अनेक मेडिकलवाले गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाहीत. पण नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतच नाही. गोळ्या न मिळण्याचा भुर्दंड वेगळ्याच कारणाने आलेल्या बायकांना बसतो.

आणि सासूबाईंना हे सांगायचं धाडस झालं तर सांगा : मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, त्यात बाईचा काही हातच नाही.

प्रश्न : नवरा निरोध वापरत नाही. मला गोळ्या घ्यायला देत नाही, सापडल्या तेव्हा फेकून दिल्या. तीन मुलं झाली. त्याला न कळता काही करता येईल का?

उत्तर : येईल. कोणत्याही साधनासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. नसबंदीच्या ऑपरेशनसाठीसुद्धा सरकारी नियमांत जोडीदाराची सही नाही.

‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत आहे, दर तीन महिन्यांनी एक. पहिलं पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घ्या. घरात काही सापडत नाही. पण पाळी अनियमित होते किंवा बंद होते, आणि पाळीवर नजर ठेवणारा नवरा ते ओळखतो. कार्ड आशाताईंकडेच राहू द्या. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात.

तांबी ३८० ए दहा वर्षं चालते. पिशवीच्या तोंडातून दोन-तीन सेंटिमीटर दोरा खाली असतो, तो कधी कधी नवऱ्याला टोचतो. बसवतानाच ‘दोरा अगदी आखूड कापा’ असं सांगा. काढायला मग थोडं अवघड जातं, पण निघते. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते. हिमोग्लोबिन कमी असेल तर अंतरा बरं. ‘छाया’ गोळी चांगली आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पण पाकीट लपवावं लागतं आणि तुमच्या घरी तेच जमलेलं नाही.

अचानक गरज पडली तर दीड मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांत, जितकी लवकर तितकी बरी. यातल्या कशानेही गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही, ते फक्त निरोधने मिळतं.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या भागातल्या एका ताईला चौथ्यांदा दिवस गेलेत. तिच्या मनात काय आहे विचारायचंय, पण सासू शेजारून हलत नाही. काय करू?

उत्तर : घरी विचारूच नका. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यासाठी तिला उपकेंद्रात बोलवा. सासू सोबत आली तर लघवीच्या तपासणीचं निमित्त पुरतं. डबी तिच्या हातात द्या आणि संडासापर्यंत तुम्ही सोबत चाला. त्या वाटेवर तुम्हाला दोन मिनिटं मिळतात.

दोन मिनिटांत एकच प्रश्न : ‘तुला स्वतःला काय वाटतंय?’ ‘तुमच्या मिस्टरांचं काय म्हणणं आहे?’ ने सुरुवात केली की तिचं उत्तरही त्यांचंच येतं. विचारून झाल्यावर गप्प राहा. ती खाली बघेल, पदर चाळवेल, ‘बघू’ म्हणेल. मध्ये बोलू नका. ‘तुम्हीच सांगा’ म्हणाली तर निर्णय देऊ नका, दिवस सांगा : ‘आज तुला आठ आठवडे झालेत. ठेवायचं असेल तर मी नाव नोंदवते. नको असेल तर गोळ्यांसाठी एकच आठवडा आहे, मी सोबत येते.’ दोन्ही वाक्यं सारख्याच आवाजात म्हणा. तुमच्या आवाजातला कल तिला लगेच कळतो.

ती जे म्हणेल ते डायरीत लिहू नका, नणंदेला सांगू नका, बैठकीत नाव घेऊ नका. फक्त शेवटच्या पाळीची तारीख लिहा. आणि पुढची भेट सात दिवसांच्या आत ठेवा, पुन्हा उपकेंद्रातच.